घरी कार्डिओसाठी ट्रेडमिल की स्पिन बाइक? वय ४३, वजन ९२ किलो, उतरताना गुडघा दुखतो

पायवाट_४३

नमस्कार मंडळी,

घरी कार्डिओसाठी एकच यंत्र घ्यायचं आहे. आधी माहिती देतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

पुरुष, वय ४३, उंची ५ फूट ९ इंच, वजन ९२ किलो. बीपीसाठी रोज टेल्मिसार्टन ४० चालू आहे, बाकी औषध नाही. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. सूज नाही. बैठं काम. पुण्यात सिंहगड रोडला सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. खोली १० बाय ११ फूट, खालच्या घरात वयस्कर जोडपं राहतं. व्यायामाची वेळ पहाटे साडेपाच. बजेट ४५ हजार.

ध्येय : चार महिन्यांत आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड न थांबता चढणं आणि गुडघ्याचा त्रास न होता उतरणं. पोट कमी झालं तर हवंच आहे.

दुकानात '४ एचपी पीक' लिहिलेली फोल्डिंग ट्रेडमिल दाखवली, तीन टप्प्यांच्या मॅन्युअल इन्क्लाइनची (हातानं बदलायच्या चढाची). दुसरा पर्याय स्पिन बाइकचा, म्हणजे जागेवर चालवायच्या सायकलचा. रोइंग मशीनबद्दलही वाचलं आहे. काय घ्यावं आणि घेताना काय तपासावं?

---

मोटारबोर्ड

ट्रेडमिल दुरुस्तीच्या अंगानं लिहितो.

पहिलं म्हणजे 'पीक' एचपी हा आकडा विसरा. मोटार क्षणभर जेवढं जोर लावू शकते तो पीक, आणि अर्धा तास सलग जेवढं देऊ शकते तो कंटिन्युअस. कामाचा फक्त दुसरा. दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर यंत्राची प्लग पिन आणि मागची रेटिंगची पट्टी बघा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. ४ एचपी म्हणजे जवळजवळ ३००० वॅट, २३० व्होल्टला १३ अँपिअर. त्याच यंत्राला ६ अँपिअरची बारीक पिन असेल, तर त्यातून सलग १३८० वॅटपेक्षा जास्त ओढताच येत नाही. हिशेब तिथेच संपतो.

तुमच्या वजनाला केवळ चालायचं असलं तरी २ ते २.५ एचपी कंटिन्युअस हवी. लोकांना वाटतं की हळू चालल्यानं मोटारीला आराम मिळतो. घरगुती डीसी मोटारीच्या बाबतीत उलटं होतं. जड माणूस ३ किमीच्या वेगानं चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पट्टा फळीवर दाबला जातो, मोटारीला कमी फेऱ्यांत जास्त करंट ओढावा लागतो, आणि त्याच शाफ्टवरचा पंखाही हळू फिरत असल्यानं उष्णता बाहेर जात नाही. वरून पट्टा कोरडा असेल तर आधी कंट्रोलर बोर्ड जातो, मग मोटार. बोर्ड नवा टाकून पट्टा तसाच ठेवला तर नवा बोर्डही जातो.

पट्ट्याखाली तेल कधी घालायचं, याची सोपी परीक्षा आहे. प्लग काढा, पट्ट्याची कड उचला आणि हात फळीच्या मध्यापर्यंत आत सरकवा. बोटांना तेलकट निसरडेपणा लागला तर ठीक, कोरडं आणि खरखरीत लागलं तर तेल संपलं. शुद्ध सिलिकॉन तेलच वापरा, दोन्ही बाजूंनी १० ते १५ मिली, जिथे पावलं पडतात त्या पट्ट्यात. मग तीन-चार मिनिटं रिकामी, कमी वेगानं फिरवा. रोजच्या वापरात दर तीन महिन्यांनी ही तपासणी करा. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे यांतलं काहीही घालू नका. पट्ट्याचा मागचा थर फुगतो आणि धूळ चिकटून लगदा होतो.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागच्या रोलरचे दोन बोल्ट बघा. यंत्र ४-५ किमीवर रिकामं चालू ठेवा. पट्टा डावीकडे जात असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेनं पाव फेरी फिरवा, एक मिनिट थांबा, मग पुन्हा बघा. एका दमात पूर्ण फेरी मारू नका. पट्टा बंद असताना मधोमध ५ ते ७ सेंटिमीटर उचलला गेला पाहिजे. फार ताणला तर रोलरचं बेअरिंग ओरडायला लागतं.

वीज : १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि पक्कं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड नको, घरच्या इन्व्हर्टरवर नको. लाल चावीची (ती निघाली की पट्टा थांबतो) क्लिप शर्टाला लावूनच चढायचं. घरात लहान मूल असेल तर व्यायाम झाल्यावर चावी काढून कपाटात. फिरत्या पट्ट्याखाली बोटं गेली तर कातडी सोलून निघते.

आता तुमच्या खोलीचं. ट्रेडमिलची एकूण लांबी साधारण १६५ ते १७५ सेंटिमीटर. मागे मोकळी जागा हवी ६ फूट, म्हणजे १८० सेंटिमीटर. बेरीज ३४५ च्या पुढे. तुमची खोली ११ फूट, म्हणजे ३३५. 'फोल्डिंग आहे' याचा उपयोग ठेवायला होतो, चालताना नाही. मागे भिंत जवळ असेल आणि पाय घसरला, तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्या मध्ये अडकतो. ही जागा मी कमी करायला सांगणार नाही.

आणखी एक. वर माळा असेल तर त्याखाली ट्रेडमिल नको. फळीचीच उंची १५ ते २० सेंटिमीटर असते, त्यात इन्क्लाइन आणि चालताना डोक्याची वरखाली.

---

सांधा_आणि_स्नायू

यंत्राआधी गुडघ्याचं बोलू. चढताना नाही पण उतरताना दुखतो, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असताना वजन पेलायला कमी पडतो आणि भार वाटीच्या मागे पडतो. गुडघा अडकत असेल, मध्येच दगा देत असेल किंवा सूज येत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं नसेल तर हे लक्षात घ्या : ट्रेडमिल, बाइक, रोइंग, कोणतंही कार्डिओ यंत्र तुम्हाला उतरायला शिकवत नाही. बहुतेक घरगुती ट्रेडमिल चढ देतात, उतार देत नाहीत. बाइकवर तर शरीराचं वजन खोगिरावर. तुमचं अर्धं ध्येय उतरण्याचं आहे, त्यामुळे त्याचा व्यायाम वेगळा करावाच लागेल.

त्यासाठी १५ सेंटिमीटरची एक भक्कम पायरी पुरे. उजवा पाय पायरीवर, डावा हवेत. उजवा गुडघा वाकवत तीन सेकंद मोजून डावी टाच जमिनीला टेकवा, टेकवली की लगेच वर. भिंतीला बोटं लावायला हरकत नाही. प्रत्येक पायावर ८ वेळा, असे ३ संच, आठवड्यातून तीन दिवस. आरशात बघा, गुडघा आत वळता कामा नये. तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आत वळत असेल तर पायरी १० सेंटिमीटरवर आणा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. जोडीला एका पायावर टाचा उचलणं, १२ चे ३ संच.

आता चढाचं. सिंहगडाचा आतकरवाडीकडचा चढ साधारण ६०० मीटर उंचीचा. ट्रेडमिलवर १० टक्के चढ लावून ताशी ४ किमी वेगानं अर्धा तास चाललात तर २०० मीटर चढ होतो. इथेच मॅन्युअल इन्क्लाइनची अडचण येते. ती बहुधा तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास थांबते आणि बदलायला खाली उतरून मागचे पाय हलवावे लागतात. तुमच्या ध्येयाला ते अपुरं.

चढामुळे किती फरक पडतो, हे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या सूत्रानं काढता येतं. सपाटीवर ताशी ५ किमी चालणं म्हणजे विश्रांतीच्या सुमारे ३.४ पट ऊर्जाखर्च. तोच वेग ६ टक्के चढावर जवळपास ६ पट. १२ टक्क्यांवर साडेआठ पट, म्हणजे ताशी ८ किमी धावण्याएवढा, आणि तोही पाय न आपटता. मात्र पुढचा दांडा धरून मागे रेललात तर शरीर पुन्हा पट्ट्याला काटकोनात येतं आणि चढाचा बराचसा फायदा जातो. स्क्रीनवर कॅलरी तरीही तेवढ्याच दिसतात, कारण यंत्राला तुमचे हात दिसत नाहीत.

तुमच्याकडे चढाचं यंत्र आधीच आहे, इमारतीचा जिना. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर तळापासून सातव्यापर्यंत २१ मीटर. दहा फेऱ्या म्हणजे २१० मीटर. चढायचं पायांनी, उतरायचं लिफ्टनं, निदान पहिले सहा आठवडे. अख्खं पाऊल पायरीवर टेकवा, नुसत्या चवड्यानं चढलात तर तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतील.

माझं मत : घरात बाइक, इमारतीत जिना, रविवारी टेकडी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सुरुवातीला उत्तम, कारण रुंद आहेत आणि दम लागला तर थांबायला जागा आहे.

---

ओला_किनारा

बाइकच्या बाजूनं मीही आहे, पण 'एअर बाइक' नावाखाली जे स्वस्त मिळतं त्यापासून जपा. हलणारे हँडल आणि चाकाभोवती पट्टा आवळून मिळणारा लोड असा तो प्रकार असतो. पट्टा गुळगुळीत झाला की लोड उरत नाही. खऱ्या एअर बाइकला पुढे मोठा पंखा असतो, जितका जोर तितका वारा आणि तितका विरोध. पण तिचा आवाज पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावर चालायचा नाही.

स्पिन बाइकमध्ये दोन प्रकार. एकात फेल्टचा गट्टू चाकावर दाबला जातो : झिजतो, पावसाळ्यात दमट झाला की किंचाळतो, फेल्टचा बारीक भुसा खाली पडतो. दुसऱ्यात चुंबक चाकाजवळ येतो, स्पर्श होत नाही, आवाज नाही, झीज नाही. चुंबकाचीच घ्या, आणि साखळीऐवजी बेल्ट ड्राइव्हची. फ्लायव्हील (पेडलनं फिरणारं जड चाक) किती किलोचं यावर दुकानदार जोर देतील. फेल्टच्या बाइकला जड चाक लागतं, चुंबकाच्या बाइकला ६ ते ८ किलोचं चाकही गुळगुळीत चालतं. त्याहून यंत्राचं एकूण वजन बघा. ३० किलोच्या खाली असेल तर तुम्ही उभे राहून पेडल मारताना ते डुलेल. वजनमर्यादा १२० किलो किंवा जास्त.

दुकानात काय करायचं : लोड बराच वाढवून हळू, मिनिटाला ५०-६० फेऱ्यांनी फिरवा. फेरीत एखाद्या जागी पाय रिकामा पडतो का, कटकट येते का बघा. उतरून खोगीर दोन्ही हातांनी पिळून बघा, दांड्यात खेळ नको. लोडचा नॉब दाबून ब्रेक मारा, चाक जागीच थांबलं पाहिजे. हे महत्त्वाचं, कारण बहुतेक स्पिन बाइकना फ्रीव्हील नसतं. तुम्ही थांबलात तरी पेडल फिरत राहतात आणि पाय उचलला तर नडगीवर बसतात.

घाम हा लोखंडाचा शत्रू. व्यायामानंतर ओल्या फडक्यानं हँडल, खोगिराचा दांडा आणि नटबोल्ट पुसा, मग कोरड्यानं. दांड्याला महिन्यातून एकदा ग्रीसचा हात. झाकायला जुनी सुती चादर घ्या. प्लास्टिकच्या कव्हरखाली दमट हवा कोंडते आणि गंज लवकर धरतो. कोकण-गोव्याकडे, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर हे रोज करावं.

---

वल्हे_साडेतीन

रोइंगबद्दल विचारलंत म्हणून थोडक्यात. हवेच्या विरोधावरचं चांगलं मशीन म्हणजे कॉन्सेप्ट२, लांबी २४४ सेंटिमीटर, तुमच्या बजेटच्या बरंच वर. ४५ हजारांत मिळणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये स्क्रीनवरच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. कॉन्सेप्ट२ वर ५०० मीटरला २ मिनिटं ३० सेकंद म्हणजे सुमारे १०४ वॅट, २ मिनिटं म्हणजे २०३ वॅट, आणि जगात कुठेही तेच. जिममध्ये ते असेल तर आठवड्यातून एकदा जरूर करा. डँपर (आत किती हवा जाते ते ठरवणारी झडप) १० वर लावू नका, ३ ते ५ पुरे. ओढताना आधी पाय, मग कंबर, शेवटी हात. परत जाताना हात, कंबर, पाय. पाठ गोल करून ओढलंत तर कमरेचा खालचा भाग दुखतो, आणि बैठ्या कामाच्या माणसाकडून ही चूक हमखास होते. घरी घेण्यासाठी मात्र सुचवणार नाही.

---

पायवाट_४३

सगळ्यांचे आभार. खोली पुन्हा मोजली, मागे सहा फूट उरतच नाहीत, त्यामुळे ट्रेडमिल बाद. चुंबकाची, बेल्ट ड्राइव्हची बाइक नक्की करतो.

तीन शंका. एक, बीपीच्या गोळीवर ठोके किती जाऊ द्यायचे? दोन, आठवड्याचं वेळापत्रक कसं लावू? तीन, बाइकवर बराच वेळ बसलं की पुरुषांना खाली मुंग्या येतात म्हणतात, ते कशानं?

---

दमाचा_हिशेब

ठोक्यांबद्दल. २२० वजा वय केलं तर १७७, आणि २०८ वजा वयाच्या ०.७ पट केलं तर १७८. चाळिशीच्या आसपास दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, पण एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. टेल्मिसार्टननं ठोके दबत नाहीत, म्हणून तुम्हाला आकडा वापरता येईल. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्यांनी मात्र हा आकडा बाजूला ठेवावा, कारण त्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत.

सगळ्यांना चालणारी कसोटी बोलण्याची. सोप्या दिवशी पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. जोराच्या दिवशी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणं जमू नये. मनगटावरचं घड्याळ हँडल घट्ट धरल्यावर चुकीचे ठोके दाखवतं. अचूक हवेत तर छातीचा पट्टा घ्या आणि लावण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड पाण्यानं ओले करा.

सुरुवातीआधी डॉक्टरांना जोराच्या व्यायामाचा बेत सांगा. वय, वजन आणि बीपी बघता ते ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगू शकतात. व्यायामात छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर त्या क्षणी थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं.

वेळापत्रक :

आठवडा १ ते ३. चार दिवस बाइक, २५ मिनिटं, पूर्ण वेळ बोलता येईल अशा दमात. पायरीचा व्यायाम तीन दिवस, बाइकनंतर लगेच. बस. या काळात जोर करायची इच्छा होईल, करू नका. फुप्फुसं पंधरा दिवसांत साथ द्यायला लागतात, गुडघ्याच्या स्नायुबंधांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

आठवडा ४ ते ८. बाइक ४० मिनिटं सोपी, तीन दिवस. एक दिवस जोराचा : १० मिनिटं वॉर्मअप, मग १ मिनिट जोर आणि २ मिनिटं सावकाश असं ६ वेळा, शेवटी ५ मिनिटं हळू. एक दिवस जिना, ५ फेऱ्यांपासून सुरू करून दर आठवड्याला एक वाढवा.

आठवडा ९ ते १६. जोराच्या दिवशी ४ मिनिटं जोर, ३ मिनिटं सावकाश, असे ४ फेरे. वॉर्मअप आणि शेवटचं धरून ४० मिनिटं होतात. ठोके साधारण १५० ते १६८ च्या मध्ये, आणि ते तिथे पोचायला प्रत्येक फेऱ्यात दीड-दोन मिनिटं लागतात, म्हणून पहिल्या मिनिटातच आकडा गाठायला जाऊ नका. चौथा फेरा पहिल्याइतक्याच लोडवर झाला नाही, तर पहिला फार जोरात गेला होता. रविवारी टेकडी, पाठीवर ३ किलोची सॅक, आणि आता उतरायचंही पायांनीच, छोटी पावलं टाकत.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. दुसऱ्या टप्प्यापासून तुम्ही त्यात बसता.

एकदम थांबून खाली उतरू नका. बीपीच्या गोळीवर पायांत साचलेलं रक्त वर यायला वेळ लागला की चक्कर येते. शेवटची ५ मिनिटं लोड काढून पेडल फिरवत राहा.

---

ओला_किनारा

मुंग्यांचं कारण म्हणजे दोन बैठकीच्या हाडांमधल्या मऊ भागावर आणि तिथल्या नसेवर येणारा दाब. उपाय बहुतेक वेळा मांडणीत सापडतो.

खोगिराची उंची : अनवाणी बसा, पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघा आपोआप २५ ते ३५ अंश वाकतो. खोगीर खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण, फार वर असेल तर कंबर डावी-उजवी घासते आणि मुंग्या तिथूनच सुरू होतात. पुढे-मागे करायला पेडल आडवे करा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पेडलच्या आसावर पडावा. खोगीर सपाट ठेवा, नाक वर नको, फार तर किंचित खाली. हँडल पहिला महिना खोगिराहून उंच. दर ८-१० मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा. लोड अगदी कमी ठेवून भरभर फिरवलं तर माणूस खोगिरावर आपटत राहतो. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या आणि पायाला जाणवेल इतका लोड ठेवा. जेलचं जाड कव्हर घालून सुरुवात करू नका, हाडं त्यात रुततात आणि मधला भाग उलट जास्त दाबला जातो. एवढं करूनही बधिरपणा उतरल्यावर काही मिनिटांत गेला नाही, तर बाइक थांबवून डॉक्टरांना विचारा.

---

मोटारबोर्ड

बाइक घरी जोडताना एक सांगतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बसणाऱ्याच्या डाव्या-उजव्यानुसार. उजवं घड्याळाच्या दिशेनं आवळतं, डावं उलट दिशेनं. दोन्ही आधी बोटांनी तीन-चार फेऱ्या फिरवा, आट्याला ग्रीस लावून. बोटांनी जात नसेल तर पाना लावून रेटू नका, पेडल तिरकं बसलंय किंवा चुकीच्या बाजूला आहे. रेटलेलं पेडल काही दिवस धरतं, मग क्रँकचे (पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे) आटे खाऊन ऐन उभं राहून मारताना निसटतं, आणि क्रँकच बदलावा लागतो. पाना १५ मिमीचा.

पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही पेडल आणि क्रँकचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. फेरीला एकदा टक् असा आवाज आला की शंभरातल्या बहुतेक वेळा ढिला क्रँक असतो, बेअरिंग नव्हे. तो आवाज आल्यावर आणखी दोन दिवस तसंच चालवू नका. खाली १० मिमीची रबरी मॅट टाका आणि चारही पायांचे लेव्हलिंग स्क्रू फिरवून डुलणं घालवा. खालच्या घरात जे ऐकू जातं ते बहुतेक चाकाचं नसतं, टेकत नसलेल्या चौथ्या पायाचं असतं.